जुनी खोळ, नवा डायनामो

त्या गल्लीत त्याचं खरं नाव विचारलं तर लोक आधी थबकायचे, मग एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे. पण "जैसेथे कुठे असतो?" म्हटलं की शेंबडं पोरसुद्धा बोट दाखवायचं. जुन्या मोटारी दुरुस्त करणारा हा माणूस गिऱ्हाइकाला पहिल्या भेटीतच सांगायचा, "काळजी करू नका, जैसे थे करून देतो." आणि खरंच द्यायचा. म्हणून ते नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच.

गादी-उशीला आपण जे करतो तेच तो मोटारीला करायचा. खोळ जुनी, कापूस नवा. झिजलेला भाग काढायचा, चालता-फिरता नवा बसवायचा, पण बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवसापासून हाच भाग इथे आहे. नवा स्क्रू चकाकतो, म्हणून तो चहाच्या चोथ्यात पुरून ठेवायचा. दारांच्या नव्या रबरी पट्ट्यांना राख चोळायचा. सीटच्या आत नव्या स्प्रिंगा घालायचा आणि वरचं चामडं, त्याच्या सुरकुत्यांसकट, जुन्याच भोकांतून दोरा ओवून परत शिवायचा. स्टिअरिंगला भेगा पडलेल्या असल्या तर त्या भरायचा, आणि मग नेमकी जिथे बोटं टेकतात तिथे कापडाने घासघासून झीज आणायचा.

"आम्ही बायका जन्मभर जुनी पातेली घासून नवी करतो," त्याची बायको म्हणायची, "आणि आमच्या घरातला माणूस नवं घासून जुनं करतो. देवानं जोडा बरा जुळवला."

"पातेल्यात डाळ शिजते. त्याला कोण बघायला येतंय?"

"जेवायला तर येता ना?"

असं त्यांचं चालायचं. घर त्याच्या दुरुस्तीच्या कारखान्याच्या मागेच होतं, मधे एक दार. ते दार दिवसभर उघडं असायचं, त्यामुळे हातोड्याचा आवाज स्वयंपाकघरात आणि फोडणीचा ठसका गाड्यांपर्यंत, दोन्ही बिनबोभाट ये-जा करायचे.

कारखान्याच्या एका अंगाला, खिडकीखाली, मामाचं टेबल होतं. मामा म्हणजे त्याच्या आईचा धाकटा भाऊ. बहीण गेली तेव्हा भाचा अजून बोट धरून चालत होता आणि बापाने दुसरा संसार थाटला होता. मामाने पोराला घरी आणलं, आणि स्वतःच्या लग्नाचा विषय गुंडाळून ठेवला तो कायमचाच. कुणी टोकलं तर म्हणायचा, "पोर आयतं मिळालं. आता बायको कशाला, पोराला भाऊ हवा म्हणून?" जीव लावणारी माणसं बोलायला अशीच खडबडीत असतात.

मोटारीच्या अंगात जिथे जिथे वीज खेळते तिथला मामा वैद्य होता. गाडीत वीज तयार करणाऱ्या डायनामोचं तांब्याच्या तारेचं वेटोळं तो हातानेच गुंडाळायचा, आणि ते इतकं घट्ट आणि सारखं यायचं की भाच्याची बायको म्हणायची, मामांना केस विंचरायला दिले असते तर एक बट सुटली नसती. वय झालं होतं, पण डोळ्यांना चष्मा लावला की हात अजून ठरल्या जागी जात होते. गल्लीतल्या बायका इस्त्र्या, मिक्सर, टेबलफॅन त्याच्याकडे आणून टाकायच्या. मामा शिव्या घालत घालत ते दुरुस्त करायचा. "या मिक्सरमधे काय दगड वाटता का हो?" असं म्हटल्याशिवाय त्याने एकही मिक्सर परत दिला नसेल.

भाच्याला सगळी विद्या मामानेच दिली होती. फक्त एका बाबतीत दोघांचं जमत नसे. आत नवं घालून वर जुनं पांघरायचं, हे मामाला पटायचं नाही.

"हे सोंग झालं," मामा म्हणायचा. "कारागिरी नव्हे."

"मामा, लोकांना गाडी चालायलाही पाहिजे आणि जुनी दिसायलाही पाहिजे. मी काय करू?"

"पत्र्याला सोंग घाल, लाकडाला घाल, कातड्याला घाल. पण विजेला घालू नकोस. तिला डोळे नसतात. वरून कसं दिसतंय ते तिला कळत नाही, आणि जो हात घालील त्यालाही कळणार नाही. विजेच्या कामात जे दिसतं तेच असलं पाहिजे. कबूल?"

"कबूल."

"नुसतं मान हलवू नकोस, बैलासारखी."

"कबूल, मामा. विजेला सोंग नाही."

हा शब्द त्याने मनापासून दिला होता, आणि बरीच वर्षं पाळलाही होता. मोडला तो डॉक्टरीणबाईंच्या गाडीपायी.

डॉक्टरीणबाई दवाखाना बंद करून घरी बसलेल्या. वडिलांच्या वेळची गर्द हिरवी, चार दारांची गाडी त्यांनी सांभाळली होती. वडिलांनी त्यांना याच गाडीतून शिकायला सोडलं होतं, म्हणून त्यांना ती नुसती उभी करून ठेवायची नव्हती. संध्याकाळी स्वतः चालवत बाजाराकडे चक्कर मारायची होती. त्यांनी सांगितलं, "आत काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा, मला त्यातलं कळत नाही. मला बाबांची गाडी दिसली पाहिजे, बस."

सगळं झालं, पण वीज पुरेना. बाई चालवायच्या हळू, त्यात दिवे लावलेले, वाटेत सतरा ठिकाणी थांबणं. जुना डायनामो संथ चालीत वीज तयारच करत नाही. बॅटरी बसायची आणि गाडी भर रस्त्यात ढिम्म उभी राहायची. मामाने डायनामो खोलून त्याचं वेटोळं नव्याने गुंडाळून दिलं. थोडे दिवस बरं चाललं, पुन्हा तेच. मामाने परत खोलून तपासलं. वेटोळ्यात खोट नव्हतीच. त्या जातीच्या डायनामोची ताकदच तेवढी.

"बाईंना सांग जरा जोरात चालवा," मामा म्हणाला.

"त्या वयात?"

"मग दिवसा चालवा म्हणावं."

भाच्याने तसं बाईंना सांगितलं नाही. गिऱ्हाइकाला "होणार नाही" म्हणायची त्याला सवय नव्हती, आणि खरं सांगायचं तर तोंडही नव्हतं. जैसेथे म्हणवून घ्यायचं आणि गाडी ढकलत आणायची, हे कसं शोभणार? एकदा मामा चष्म्याचा नंबर बदलून आणायला गेला असताना त्याने डायनामोचं काळं लोखंडी टोपण, म्हणजे वरचं कवचच, काढलं. मामाचं वेटोळं आतून बाहेर काढून कापडात बांधून कपाटात ठेवलं, आणि रिकाम्या टोपणात आजच्या गाड्यांना असतो तो अल्टरनेटर बसवला. इंजिन नुसतं चालू असलं की गाडी उभी असली तरी तो वीज देतो. वरून बघितलं तर तोच डायनामो, तीच चकती, तोच उडालेला रंग.

पण एक अडचण होती. बॅटरीच्या दोन टोकांपैकी एक टोक गाडीच्या पत्र्याला, म्हणजे बॉडीला, जोडलेलं असतं. आजच्या गाड्यांत ते मायनस असतं. बाईंच्या गाडीच्या काळात पुष्कळ गाड्यांत ते प्लस असायचं. तशी पितळी पट्टीच इंजिनाशेजारी रिबिटांनी ठोकलेली होती: बॅटरीचा प्लस बॉडीला. नव्या अल्टरनेटरला ते चालत नाही. त्याला मायनसच बॉडीला लागतं. म्हणजे सगळं उलटं करणं आलं. ते त्याने केलं. पण पट्टी काढली तर गाडीचं मूळ रूप गेलं, आणि प्लसची खूण असलेलं टोक पत्र्यावरून हलवलं तर मामाच्या नजरेला एका झटक्यात आलं असतं.

मग त्याने बॅटरीलाही सोंग दिलं. जुन्या बॅटरीची काळी पेटी पोखरून आत छोटी नवी बॅटरी बसवली, आणि तिच्या तारा आतल्या आत अशा फिरवल्या की वर जिथे प्लस लिहिलंय तिथे खरं तर मायनस यावं. बाहेरून पट्टी, खूण, जोडणी, सगळं एकमेकांशी जुळत होतं. आत सगळं उलटं. त्याला स्वतःला ते आपल्या हयातीतलं सर्वांत सुबक काम वाटलं होतं. कौतुक करून घ्यायला कुणी नव्हतं म्हणून त्याने रात्री जेवताना बायकोला सांगितलं.

"मामांना सांगितलंत?"

"सांगीन सावकाश."

"शब्द दिला होतात ना?"

"अगं, चालतंय ना? मग झालं तर."

चाललंही. बाईंची गाडी सुरेख पळायला लागली. "बघ, माझं वेटोळं शेवटी रुळलं," असं मामा म्हणाला तेव्हा भाच्याला घास गिळवेना. म्हाताऱ्याचा आनंद का मोडा, अशी त्याने मनाची समजूत घातली. खोटं गोड लागलं की माणूस त्याला दया म्हणतो.

मग बाई लेकीकडे राहायला गेल्या आणि गाडी बरेच आठवडे उभी राहिली. आतली छोटी बॅटरी तेवढ्यात बसली. परत आल्यावर बाईंनी किल्ली फिरवली, गाडी हूं की चूं करेना. त्यांनी कारखान्यात फोन केला. भाचा तेव्हा दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसलेला. फोन मामाने घेतला. "बॅटरी बसली असेल, घेऊन येतो दुसरी," म्हणाला, आणि चार्ज केलेली बॅटरी रिक्षात घालून निघालाही. भाचेसुनेने दारातून विचारलं, "यांना येऊ द्यायचं का मामा?" तर म्हणाला, "बॅटरी लावायला आता मला तुझ्या नवऱ्याचा दाखला लागणार का?" तिच्या मनात काही तरी खटकलं होतं, पण नेमकं काय ते तिला धरता आलं नाही. नंतर कितीदा तरी देवापुढे हात जोडून ती हेच बोलली, की मला त्या वेळी बुद्धी का दिली नाहीस.

मामाने बाईंच्या अंगणात बॉनेट उघडलं. चष्मा लावला, पितळी पट्टी वाचली, जुन्या बॅटरीवरची खूण पाहिली. प्लस बॉडीला. ती बॅटरी उचलून खाली ठेवली आणि स्वतः आणलेली, आत-बाहेर एकच असलेली बॅटरी तशीच, प्लस बॉडीला, जोडली. जे दिसत होतं त्याप्रमाणे केलं.

धूर तत्क्षणी निघाला. अल्टरनेटरकडून येणारी जाड तार लाल झाली, तिच्यावरच्या सुती विणीने पेट घेतला आणि जाळ बघता बघता डॅशबोर्डच्या लाकडामागे शिरला. बाई आत बसलेल्या. त्या कशाबशा बाहेर आल्या. मामाने नुसत्या हाताने बॅटरीच्या दोन्ही तारा उपटल्या. शेजारच्या बंगल्यातला ड्रायव्हर कुंडीतली माती घेऊन धावला आणि त्याने जाळ विझवला.

भाचा गालाला हात लावून तिथे पोचला तेव्हा बॉनेटमधून अजून धुराच्या रेषा निघत होत्या. मामा पायरीवर बसला होता आणि बाई त्याच्या भाजलेल्या पंजावर मलम लावत होत्या. सुटलेल्या तारा खाली लोंबत होत्या. कुठली कुठे होती हे आता कुणालाच दिसण्यासारखं नव्हतं.

"म्हाताऱ्यानं उलटी लावली वाटतं," ड्रायव्हर म्हणाला. "हल्ली सगळ्या गाड्यांना मायनस बॉडीला. हाताला तीच सवय. नाही का हो, जैसेथे?"

मामाने मान वर केली. "मी प्लसच लावला होता बॉडीला. पट्टी बघून लावला." मग त्याने भाच्याकडे पाहिलं. ज्याच्यावर जन्मात कधी भाच्याला काही विचारायची वेळ आली नव्हती त्या माणसाने विचारलं, "लावला होता ना रे मी?"

भाच्याला उत्तर माहीत होतं. अख्ख्या अंगणात फक्त त्यालाच माहीत होतं. पण बाईंच्या वडिलांचा डॅशबोर्ड करपून गेला होता, ड्रायव्हर त्याच्याकडे बघत होता, कुंपणावरून आणखी दोन डोकी वर आली होती, आणि त्याचा अर्धा जबडा बधिर होता. त्या बधिर तोंडाने तो म्हणाला,

"घाईत होतं असं, मामा."

मामाने हळूच मान खाली घातली. "असेल बाबा," म्हणाला.

भाच्याने ठरवलं होतं की घरी गेल्यावर सांगू. घरी गेल्यावर वाटलं, हाताची आग थांबू दे. हात बरा झाला तेव्हा वाटलं, आधी बाईंची गाडी नीट करून देऊ, मग तोंड वर करून सांगता येईल. आणि गाडी त्याने केली, फुकट केली, जीव ओतून केली. जळका अल्टरनेटर आणि पोखरलेली बॅटरी त्याने सगळ्यात आधी भंगारवाल्याच्या गाड्यावर फेकली. ती बघवत नव्हती. मग कपाटातून मामाचं वेटोळं काढून पुन्हा टोपणात बसवलं. सगळी जोडणी परत मुळासारखी, प्लस बॉडीला. या वेळी सोंग नाही, जे दिसतं तेच आत. हेच आपलं प्रायश्चित्त, असं त्याला वाटलं. बाईंना त्याने सांगितलं, "गाडी जोरात चालवा आणि दिवसा चालवा." बाई म्हणाल्या, "हे आधीच सांगायचं ना!"

आणि इकडे मामा आकसत चालला होता.

आधी त्याने गाड्यांचं काम सोडलं. "डोळे दुखतात," म्हणाला. मग गल्लीतल्या बायकांच्या इस्त्र्या परत जाऊ लागल्या. एकीने आर्जव केलं, "मामा, फक्त वायर तुटलीय हो," तर म्हणाला, "ताई, दुकानातून करून घे. माझ्या हातून चुकून शॉक लागला कुणाला, तर?" त्या बाईला वाटलं मामा रागावलाय. तिने विचारलं, "दगड वाटते म्हणून का?" मामा हसलासुद्धा नाही.

मग तो गॅसचं बटण बंद आहे ना, हे पुन्हा पुन्हा जाऊन बघायला लागला. दाराला कुलूप लावून चार पावलं गेला की परत यायचा. औषधाची गोळी घेतली की नाही ते भाचेसुनेला विचारायचा. तिने "घेतलीत" म्हटलं की, "तू बघितलंस ना?" असं पुन्हा. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोकं ठणठणीत आहे. डोकं ठणठणीतच होतं. फक्त स्वतःवरचा भरवसा उडाला होता, आणि त्यावर कुठल्याच दवाखान्यात औषध नसतं.

"अहो, सांगा त्यांना," बायको म्हणायची.

"सांगतो गं."

"माणूस वाळत चाललाय. तुमच्या एका वाक्यानं वाळतोय आणि तुमच्या एका वाक्यानं हिरवा होईल. देव रोज नवा दिवस देतो तो काय नुसता दाढी करायला?"

"मला कळत नाही का ते?"

"कळतंय ना? मग वळू दे की जरा."

तो चिडायचा, हातोडा उचलून बाहेर जायचा. पण तिचं बोलणं डोक्यात घोंगावत राहायचं. खरं म्हणजे आता सांगायला अधिकच जड झालं होतं. तेव्हा सांगितलं असतं तर एक चूक सांगायची होती. आता चूक होती, आणि तिच्यावर इतके महिने बसून राहणंही होतं.

शेवटी वेळ आणली मामानेच. एका सकाळी तो भाच्याजवळ येऊन म्हणाला, "हे माझं टेबल काढून टाक. तुला एक गाडी जास्त लावता येईल. हत्यारं कुणी चांगला हातवाला भेटला तर दे त्याला."

भाच्याने हातातला पाना खाली ठेवला. "मामा, बसा."

"बसून बसून तर कंटाळलोय."

"बसा हो. काही सांगायचंय." बायको मधल्या दारात येऊन उभी राहिली. त्याने सगळं सांगितलं. शब्द दिला, मोडला. टोपणात काय घातलं, बॅटरीच्या पेटीत तारा कशा फिरवल्या. "तुम्ही बरोबर लावली होतीत, मामा. प्लस बॉडीलाच. चूक माझी होती. मी तिथे खोटं बोललो."

मामाने शांतपणे ऐकून घेतलं. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि हसला. किती दिवसांनी हसला.

"गुणाचं पोर आहेस," म्हणाला.

"मामा, खरं सांगतोय!"

"अरे लेका, गाडी नीट झाल्यावर बाईंनी मला बोलावून चहा पाजला होता. मी बॉनेट उघडून बघितलं. डायनामो खोलूनच बघितला म्हण ना. माझं वेटोळं आत जागच्या जागी आहे. ते तिथून हललंच कधी?"

"मी परत बसवलं ते! आगीनंतर!"

"आणि तो अल्टरनेटर?"

"भंगारात दिला."

"आणि बॅटरी?"

"तीही त्याच गाड्यावर."

"सूनबाई, तू शिकवलंस ना याला हे?" मामाने दाराकडे बघून विचारलं.

"नाही हो मामा, देवाशपथ खरं आहे. मला त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं."

"दोघांनी मिळून ठरवलंत. बरं वाटलं मला." आणि तो उठून आपल्या खोलीत गेला. त्याच्या चालीत राग नव्हता. राग असता तर भाच्याला केवढा आधार वाटला असता!

मग भाच्याने एक केलं. भंगारातून तसल्याच डायनामोचं टोपण शोधलं, तसलाच अल्टरनेटर आणला आणि आठवेल तसं, तंतोतंत, ते परत बनवलं. काळी पेटी पोखरून आतल्या तारा फिरवल्या. मामा वीज जाणणारा माणूस. डोळ्यांनी बघेल, मीटर लावील, तेव्हा तरी त्याला पटेल, की हे होऊ शकतं आणि हे झालं होतं. पुरे झालं तेव्हा सगळं उचलून त्याने मामाच्या टेबलावर मांडलं आणि मामाला बोलावून आणलं.

मामाने चष्मा लावला. टोपण फिरवून पाहिलं, नाकाशी नेऊन वास घेतला, आतल्या सोल्डरिंगच्या डागावरून नख फिरवलं. मीटर लावून बॅटरीची टोकं तपासली; काटा उलटा गेला तेव्हा त्याच्या भुवया वर गेल्या. बऱ्याच दिवसांनी त्याची बोटं अशी चालत होती.

"फार सुरेख केलंयस," मामा म्हणाला. "असं करता येतं हे माझ्या डोक्यात नसतं आलं."

"बघितलंत ना? असंच होतं ते!"

"हे कधी केलंस?"

"आत्ताच केलं. तुम्हाला दाखवायला."

मामाने सोल्डरिंगचा एक डाग त्याच्यासमोर धरला. तो काळपट, मळकट होता. "मग याला जुनं का केलंस?"

भाच्याने बघितलं. डागाला चहाचा रंग होता. टोपणाच्या आतल्या कडांना राख चोळलेली होती. बॅटरीच्या तारांवरचं नवं प्लास्टिक घासून निस्तेज केलेलं होतं. हे आपण केव्हा केलं तेच त्याला आठवेना. काम करताना हात आपला आपणच चोथ्याच्या, राखेच्या डब्याकडे गेला होता, इतक्या वर्षांच्या सवयीने.

"मामा, ते... हाताला सवय..."

"हो रे. माहितेय मला." मामाने टोपण अलगद टेबलावर ठेवलं, लहान मुलाने काढलेलं चित्र ठेवावं तसं. "मला खरं वाटावं म्हणून एवढी मेहनत घेतलीस. माझ्या बहिणीनं पदरात टाकलेलं पोर माझं मन राखायला एवढं करतंय, मला आणखी काय पाहिजे? पण आता पुरे कर. चूक झाली ती झाली. म्हातारपणी होतात. तू मला त्याबद्दल एक शब्द बोलला नाहीस, हेच पुष्कळ झालं."

दारातून बायको काही बोलायला पुढे झाली. भाच्याने तिच्याकडे पाहिलं आणि ती थांबली. आणखी काय सांगणार होती? गिऱ्हाइकांना दाखवायला त्याने जन्मभर खोट्याला खऱ्याचं रूप दिलं होतं, आणि सगळ्यांनी डोळे मिटून विश्वास ठेवला होता. आज खरं सांगायचं होतं तर तेही त्याच्या हातून खोट्याच्या रूपात बाहेर पडलं. देवाच्या दारी त्याची नोंद असेल. इथे, ज्याला पोचायला हवं होतं त्याच्यापर्यंत, ते पोचलं नाही.

"ऐक," मामा चष्मा काढत म्हणाला, "आलोच आहे तर तुला एक काम सांगतो. माझ्या खोलीतला बल्ब गेलाय. तेवढा बदलून दे."

"कधी गेला?"

"झाले काही दिवस. चालतंय तसं. संध्याकाळी दार उघडं ठेवलं की तुमच्याकडचा उजेड येतो."

भाचा नवा बल्ब घेऊन खोलीत गेला. मामाने स्टूल आणून मधोमध ठेवलं, हलत नाही ना ते दाबून पाहिलं. भाचा वर चढला तेव्हा त्याने स्टूल दोन्ही हातांनी धरलं.

"बटण बंद आहे ना बघ हं. मी बंद केलंय असं मला वाटतंय. पण तू बघ."

भाच्याने भिंतीकडे पाहिलं. "बंद आहे, मामा. तुम्ही बंदच केलंय."

"नक्की?"

"नक्की. तुमचं बरोबर आहे."

"बरं बरं," मामा म्हणाला. तरी त्याने स्टूल सोडलं, भिंतीपाशी गेला, आणि भाचा खाली उतरेपर्यंत आपला पंजा त्या बटणावर झाकून उभा राहिला.